दूरदेशीची भूक आमच्या बंदराला लागते: कोकणच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
कोकणातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेल्या सर्व मा. सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यात राहते. घरची काजूची बाग आहे आणि एक लहानसा काजू कारखाना चालवते. कारखान्यात गावातल्याच बायका काम करतात. या पत्रात मी महामार्गाबद्दल लिहिणार नाही, रिफायनरीबद्दल नाही, चिपीच्या विमानतळाबद्दलही नाही. ते प्रश्न आपल्यापुढे मांडणारे पुष्कळ आहेत आणि ते मांडलेच पाहिजेत. मला लिहायचे आहे ते गिनी-बिसाऊ, मोझांबिक, सोमालिया, येमेन आणि नेपाळ या देशांबद्दल. वेंगुर्ल्याच्या बाईचा त्यांच्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटेल. संबंध रोजचा आहे, पोटापाण्याचा आहे. आपण तो संसदेत मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही, म्हणून हे पत्र.

काजूपासून सुरुवात करते, कारण तो धंदा मला आतून ठाऊक आहे. आमच्याकडे फेब्रुवारीत बी पडायला लागते आणि मेअखेर हंगाम आटोपतो. ही बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही. देशभर हीच गत आहे. भारतातले कारखाने जेवढी बी फोडू शकतात तेवढी आपल्या देशात पिकतच नाही. म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, टांझानिया, मोझांबिक, गिनी-बिसाऊ अशा देशांतून कच्ची बी येते. पावसाळ्यात माझा बॉयलर चालू राहतो आणि फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बायकांच्या हाताला काम राहते ते या परदेशी बीमुळे. आणि मार्चमध्ये शेजारच्या बागायतदाराला मिळेल त्या भावाने बी घालावी लागते, तीही या परदेशी बीमुळेच. मी बागायतदार आहे आणि कारखानदारही, त्यामुळे ही दोन्ही टोके माझ्याच घरात येऊन मिळतात.

हमीभावाच्या सभांना मी जाते. आयात शुल्क वाढवा ही मागणी मला मान्य आहे. पण त्या सभांत एक प्रश्न कोणी विचारत नाही. अर्धे जग ओलांडून आलेली बी, बोटीचे भाडे, विमा आणि शुल्क भरूनही आमच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींच्या बीपेक्षा स्वस्त कशी पडते?

उत्तर तिथल्या शेतकऱ्याच्या घरात आहे. गिनी-बिसाऊ हा पश्चिम आफ्रिकेतला सुमारे वीस लाख वस्तीचा देश. पोर्तुगिजांनी काजूचे झाड ब्राझीलहून जसे गोव्यात आणले तसे तिथेही नेले. पोर्तुगालने त्या देशाचे स्वातंत्र्य मान्य केले १९७४ साली, गोवा मुक्त झाल्यावर तेरा वर्षांनी. आज त्याच्या निर्यातीत ९० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कच्च्या काजूचा आहे आणि ती बी मुख्यतः भारत आणि व्हिएतनाममध्ये येते. शेतकऱ्याकडे साठवायला गोदाम नाही, हंगामापुरते कर्ज देणारी बँक नाही, देशात बी फोडणारे कारखाने नावापुरते. पाऊस लागायच्या आत माल हातावेगळा करावाच लागतो. घरात तांदूळ संपलेला असतो, म्हणून बरेच जण बी देऊन थेट तांदूळच घेतात. अशा माणसाने भाव सांगायचा कोणाला? १९९८-९९ मध्ये तिथे यादवी झाली, २००३ मध्ये बंड, आणि एप्रिल २०१२ मध्ये तर ऐन काजूच्या हंगामात लष्कराने सत्ता हातात घेतली. अशा वेळी व्यापारी मागे सरतात आणि बी अंगावर पडण्याच्या भीतीने शेतकरी आणखी खाली उतरतो. तो भाव फोनाफोनीतून आमच्या बाजारात येतो. आमच्याकडच्या आरवली किंवा तुळस गावच्या बागायतदाराला बी किती रुपयांनी जाईल, हे बिसाऊकडच्या एका उपाशी घराच्या नाइलाजावर ठरते. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही.

त्याच देशाच्या दुबळेपणाचा फटका युरोपलाही बसला. २००५ च्या सुमारापासून दक्षिण अमेरिकेतल्या कोकेनच्या टोळ्यांनी गिनी-बिसाऊची बेटे आणि धावपट्ट्या वापरायला सुरुवात केली. किनारा राखायला धड बोटी नव्हत्या, पोलिसांना वेळेवर पगार नव्हता. तिथून माल युरोपच्या शहरांत जाऊ लागला. २०१३ मध्ये त्या देशाच्या माजी नौदलप्रमुखाला अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने समुद्रात पकडले, इथवर मजल गेली होती.

मोझांबिकची हकिगत मला अधिक लागते. एके काळी काजूत तो देश जगात पहिला होता. १९७७ ते १९९२ या यादवीने बागा आणि कारखाने मोडून काढले. उरलेसुरले कारखाने उभे राहू पाहत होते तेव्हा जागतिक बँकेने कर्जाबरोबर अट घातली: कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर कमी करा. बी देशाबाहेर चालली, मुख्यतः भारताकडे, आणि तिथले मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कामगार घरी बसले. त्यांत बायका फार होत्या, टरफलाच्या तेलाने बोटांची सालपटे निघालेल्या, आमच्याकडच्या बायकांसारख्याच. त्यांच्या हातचे काम आमच्या देशात आले. ते काम माझ्या दारी आले म्हणून मला कधी आनंद झाला नाही. कुणाची तरी चूल विझवून आलेले काम टिकाऊ नसते. उद्या आमच्याहून गरीब कोणी सापडले की ते तिकडे जाईल.

त्याच मोझांबिकच्या उत्तरेला काबो देल्गादो प्रांतात ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंडाळी चालू आहे. जमिनीखाली माणके, समुद्राखाली नैसर्गिक वायू, आणि वर राहणाऱ्या तरुणांच्या हाताला काम नाही. लाखो लोक घरे सोडून गेले. मार्च २०२१ मध्ये पाल्मा गावावर हल्ला झाला आणि तिथला वायूचा प्रचंड प्रकल्प थांबला, तो चार वर्षांहून अधिक रखडला. त्या प्रकल्पात भारताच्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. हा पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. तिथल्या गावांत शाळा, दवाखाना आणि रोजगार आधी पोहोचला असता तर तो असा अडकून पडला असता का, हा प्रश्न संसदेत विचारण्याजोगा आहे.

आता समुद्राकडे येते. २०११-१२ च्या सुमारास मोठी मालवाहू जहाजे किनाऱ्याच्या इतक्या जवळून का जाऊ लागली, असे मालवण, देवगड, साखरीनाटे किंवा हर्णैच्या एखाद्या जुन्या तांडेलाला विचारून पाहा. डिसेंबर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय जहाज उद्योगाने सोमाली चाच्यांमुळे धोक्याचा ठरवलेला समुद्राचा पट्टा पूर्वेकडे ७८ अंश रेखांशापर्यंत वाढवला. रत्नागिरी ७३ अंशांवर आहे. म्हणजे अख्खा अरबी समुद्र, आपला किनारा धरून, चाच्यांचा मुलूख म्हणून नकाशावर गेला. जहाजांचा विमा चढला. खोल समुद्रातले चाचे टाळायचे म्हणून जहाजे भारताच्या किनाऱ्याला चिकटून जाऊ लागली, आणि तिथे तर मच्छीमारांची जाळी असतात. जाळ्यावरून जहाज गेले की ते थांबत नाही, भरपाई मागायला पत्ता मिळत नाही. जहाजांवर बंदूकधारी पहारेकरी आले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापुढे एका इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी मासेमारी बोटीला चाच्यांची बोट समजून गोळ्या घातल्या आणि आपले दोन मच्छीमार गेले. एक केरळचा होता, एक तामिळनाडूचा. त्या दिवसांत ती बोट मालवणची किंवा जयगडचीही असू शकली असती. पट्ट्याची रेषा डिसेंबर २०१५ मध्ये ६५ अंशांपर्यंत मागे गेली आणि तो पट्टा पूर्णपणे रद्द झाला १ जानेवारी २०२३ ला. तोवर आमच्या माणसांनी जे सोसले ते सोमालियात पेरलेले होते.

सोमालियात काय घडले होते, हे मालवणच्या मच्छीमाराला फार समजावून सांगावे लागणार नाही. परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर रात्री आत घुसतात, एलईडीच्या झोतात मासळी गोळा होते, आणि सकाळी पारंपरिक मच्छीमाराचे जाळे रिकामे वर येते. हा संताप आपण जवळून पाहिला आहे. त्या आंदोलनांत आपल्यापैकी काही जण उभेही राहिले होते. तरी आपल्याकडे मत्स्य विभाग आहे, अपुरी का होईना गस्ती नौका आहे, तहसीलदार आहे, कोर्ट आहे, वार्ताहर आहे, आणि आपण आहात. सोमालियाचे सरकार १९९१ मध्ये कोसळले. ३,००० किलोमीटरहून लांब किनारा उघडा पडला. परदेशी ट्रॉलरनी तो वर्षानुवर्षे ओरबाडला. तिथल्या कोळ्याने तक्रार कुठे करायची? कार्यालयच नव्हते. यादवीने मात्र गल्लोगल्ली बंदुका पोहोचवल्या होत्या. आधी परदेशी ट्रॉलर अडवण्यासाठी उचललेल्या बंदुका पुढे कोणत्याही जहाजावर रोखल्या गेल्या, खंडणी मिळू लागली, मग पैसे लावणारे सावकार आणि टोळ्या आल्या. सगळे चाचे मुळात कोळी होते असे मी म्हणत नाही, आणि गुन्हा तो गुन्हाच. पण ज्या गावात दुसरा रोजगार नाही तिथे बोटीवर चढायला पोरे कधीच कमी पडत नाहीत.

२०११ हे चाचेगिरी शिगेला पोहोचल्याचे वर्ष. त्याच वर्षी, जुलैमध्ये, संयुक्त राष्ट्रांनी सोमालियाच्या दक्षिण भागात दुष्काळ जाहीर केला. त्या दुष्काळात सुमारे २ लाख ६० हजार माणसे गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले. आणि जागतिक बँकेचा हिशेब सांगतो की चाचेगिरीमुळे जगाच्या व्यापाराचे वर्षाला १८ अब्ज डॉलर नुकसान होत होते. एकाच देशाबद्दलचे हे दोन आकडे आहेत. युद्धनौका आल्या, पहारेकरी आले, विम्याचे हप्ते भरले गेले. एवढा पैसा जगाला सापडला. मुलांच्या ताटात पडायला हवा होता तो मात्र वेळेवर सापडला नाही.

आपले नौदल ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात गस्त घालते आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या जहाजावरून ३५ चाच्यांना शरण आणून मुंबईत आणले तेव्हा आम्ही सगळ्यांनी टीव्ही सोडला नव्हता. पण ‘अस्फाल्ट व्हेंचर’ जहाजावरच्या भारतीय खलाशांची आठवणही ठेवली पाहिजे. सप्टेंबर २०१० मध्ये ते पकडले गेले. खंडणी मिळाल्यावर एप्रिल २०११ मध्ये चाच्यांनी जहाज सोडले, पण सात भारतीयांना ठेवून घेतले, कारण भारताच्या तुरुंगात त्यांचे साथीदार होते. हे सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. चार वर्षे. कोकणात ‘मुलगा बोटीवर असतो’ असे सांगणारी किती घरे आहेत, आपल्याला वेगळे सांगायला नको; रायगडपासून सावंतवाडीपर्यंत गावागावांत आहेत. नौदल टोळी पकडू शकते. पुढची टोळी तयार होऊ नये याचे काम नौदलाचे नाही, ते आपले आहे.

हरिहरेश्वरची नौका आपण विसरला नसाल. १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. एक निर्मनुष्य नौका वाहत किनाऱ्याला लागली आणि आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे सापडली. ज्या श्रीवर्धन तालुक्यात १९९३ साली शेखाडीला आरडीएक्स उतरवले गेले, तिथल्या लोकांच्या पोटात तेव्हा कसा गोळा आला असेल! नाकाबंदी झाली, मुंबईपर्यंत सावधानतेचा इशारा गेला. तपासात निघाले की घातपाताशी संबंध नाही. नौका मस्कतहून युरोपकडे निघाली होती, वाटेत इंजिन बंद पडले, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवले आणि नौका समुद्रात सोडून द्यावी लागली. बंदुका होत्या त्या व्यापारी जहाजांना सशस्त्र पहारा पुरवणाऱ्या धंद्यातल्या. हा धंदा फोफावला तो चाच्यांमुळे, आणि चाचे का निर्माण झाले ते वर लिहिलेच आहे. सोमालियातली अराजकता हरिहरेश्वरच्या वाळूवर अशी येऊन पडली.

येमेनबद्दल थोडक्यात. अरब देशांतला हा सर्वांत गरीब देश २०१४ पासून यादवीत आहे. २०१५ मध्ये आपल्या सरकारने ‘ऑपरेशन राहत’मध्ये तिथून ४,६०० हून अधिक भारतीयांना सोडवून आणले. नंतर तिथे कॉलरा पसरला; २०१७ संपेपर्यंत संशयित रुग्ण दहा लाखांच्या वर गेले. जगाने हे वाचले आणि पान उलटले. नोव्हेंबर २०२३ पासून तिथल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा मात्र सगळ्यांना येमेन नकाशावर सापडले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, युरोपच्या फेरीत दहा ते चौदा दिवस वाढले, भाडी कडाडली. रत्नागिरीच्या कारखान्यातून गोठवलेली म्हाकुळे युरोपला पाठवणाऱ्याला विचारा, तो कंटेनरचे भाडे सांगेल. मी मात्र ६ मार्च २०२४ ला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर क्षेपणास्त्र पडून मेलेल्या तीन खलाशांबद्दल बोलेन. दोघे फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. एका गरीब देशातल्या युद्धाने दुसऱ्या देशांतून पोटासाठी निघालेल्यांचा जीव घेतला. जहाजावरच्या उरलेल्यांना आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले, त्यांत एक भारतीय होता.

नेपाळबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण नेपाळ आमच्या अंगणात आहे. देवगड-रत्नागिरीचा हापूस आज कोणाच्या हातांवर उभा आहे? पाऊस ओसरला की नेपाळी कामगार यायला लागतात. फवारणी, राखण, माकडे हाकणे, झाडावर चढून घळाने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवणे, पेट्या भरणे, सगळे तेच करतात. बागेत झोपडी घालून बायकामुलांसह राहतात आणि पाऊस लागला की परत जातात. बंदरांतही तीच गोष्ट. ट्रॉलरवर खलाशी म्हणून नेपाळी आहेत. ज्या माणसाच्या देशाला समुद्रच नाही तो आमच्या समुद्रात जाळी ओढतो. आमची पोरे मुंबईला गेली, आखातात गेली, बोटीवर गेली, आणि त्यांच्या जागी हे आले.

ते का आले? १९९६ ते २००६ या दहा वर्षांत माओवादी बंडात आणि ते मोडण्याच्या कारवाईत नेपाळमध्ये सुमारे १७ हजार माणसे मेली. पश्चिमेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांतून तरुण पोरे रात्रीतून घर सोडून गेली, बंडखोर उचलतील या भीतीने आणि सैनिक मारतील या भीतीने. युद्ध संपले, पण शेती-रोजगार उभा राहिला नाही. आज परदेशी गेलेल्या माणसांनी पाठवलेला पैसा त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. याची दुसरी बाजूही आपल्या लोकांना लागू होते. कतार-कुवेतला गेलेल्या चिपळूण, खेड, म्हसळ्याच्या पोराची मजुरी ठरते तेव्हा त्याच दारात नेपाळी, बांगलादेशी, पाकिस्तानी पोरगा त्याहून कमी पैशांत तयार उभा असतो. त्या पोरावर राग काढून उपयोग नाही. त्याला त्याच्या गावात पोटभर मिळाले तर तो कमी पैशांत उभा राहणार नाही, आणि म्हसळ्याच्या पोरालाही दोन दिनार जास्त मिळतील.

नेपाळ सुखी झाला तर आमच्या बागा कोण राखणार, असे एका बागायतदाराने मला विचारले होते. प्रश्न खरा आहे. मी त्यांना म्हटले, मजुरी वाढवावी लागेल, राहायला धड खोली द्यावी लागेल, त्यांच्या मुलांच्या शाळेचे पाहावे लागेल. दुसऱ्याच्या विपत्तीवर बाग धरायची वेळ आपल्यावर आली असेल तर ती बाग धरण्याची रीतच बदलायला हवी. हे माझे मत आहे आणि त्याची किंमत मलाही मोजावी लागेल हे मला माहीत आहे.

एवढे वाचून आपण म्हणाल, जगाचे दुःख आम्ही कुठवर वाहायचे? म्हणून एक काम आठवण करून देते, जे जगाने एकत्र येऊन पुरे केले. आमच्या आजीच्या पिढीत चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेली माणसे प्रत्येक वाडीत होती. १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीविरुद्धची मोहीम जोरात सुरू केली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते, तरी या कामात दोघेही होते. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. जगातला नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण सापडला ऑक्टोबर १९७७ मध्ये, सोमालियाच्या किनाऱ्यावरच्या मर्का गावात. अली माओ मालिन हा रुग्णालयातला स्वयंपाकी. तो बरा झाला, पुढे पोलिओच्या लसीकरणात गावोगाव फिरला आणि २०१३ मध्ये त्याच कामावर असताना मलेरियाने गेला. सगळ्या मोहिमेचा एकूण खर्च सुमारे ३० कोटी डॉलर. मर्कातला तो एक रुग्ण शोधून त्याच्याभोवती लसीकरण केले नसते तर आमच्या दंडावर अजूनही लस टोचावी लागली असती. तिथे घातलेल्या पैशाने सगळ्या जगाच्या लेकरांची राखण केली.

आता जग उलट्या दिशेने निघाले आहे. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत गरीब देशांना द्यावी असे संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवले. मोजके देश सोडले तर ते कोणी पाळले नाही. अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड १ जुलै २०२५ पासून बंद झाली. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, एक कोटीहून अधिक माणसे घराबाहेर पडली आहेत, २०२४ मध्ये तिथे दुष्काळ जाहीर झाला. तेही तांबड्या समुद्राच्याच काठावर. उद्या त्या किनाऱ्यावर काय तयार होईल, याचा अंदाज आम्हा समुद्राकाठच्या लोकांना बांधता येतो.

आपण यात काय करावे, हे मी स्पष्ट लिहिते. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात परराष्ट्र खात्याच्या मदतीच्या तरतुदीत नेपाळसाठी ७०० कोटी रुपये होते आणि सगळ्या आफ्रिकी देशांना मिळून २०० कोटी. कर्जाऊ रकमा वेगळ्या, पण देणगी म्हणून एवढेच. ५४ देशांचा खंड, ज्याच्या पूर्व किनाऱ्यासमोर आम्ही राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत आपल्या पुढाकाराने आफ्रिकी संघाला जी-२० मध्ये कायमचे स्थान मिळाले, ही मोठी गोष्ट झाली. पण तिसरी भारत-आफ्रिका शिखर परिषद ऑक्टोबर २०१५ मध्ये भरली आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी चौथी भरली नाही. परराष्ट्र खात्याच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा कोकणातून गेलेल्या सदस्याने उभे राहून विचारावे की असे का. मच्छीमारांच्या आणि बोटीवर जाणाऱ्यांच्या प्रतिनिधीइतका हा प्रश्न विचारायचा हक्क दुसऱ्या कोणाला आहे?

काजूच्या बाबतीत माझी मागणी अशी आहे. आमच्या बागायतदाराला हमीभाव द्या, आयात शुल्क वाढवा, आणि त्या शुल्कातून काही वाटा गिनी-बिसाऊ, मोझांबिकसारख्या देशांत गोदामे आणि लहान प्रक्रिया कारखाने उभारायला द्या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेल्या जाती, कलमे, फोडण्याची लहान यंत्रे, हे ज्ञान आपल्याकडे आहे. परदेशी लोकांना भारतात प्रशिक्षण देणारी ‘आयटेक’ योजना १९६४ पासून चालू आहे. तिथले शेतकरी आणि बायका दोन-तीन महिने इथे येऊन शिकू शकतात, त्यांना ठेवून घ्यायला मी तयार आहे. भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांच्या संयुक्त निधीतून गिनी-बिसाऊत शेतीचे काम पूर्वी झालेले आहे, म्हणजे वाटही नवी नाही. तिथल्या शेतकऱ्याला दोन महिने बी साठवता आली की तो पडेल भावाने देणार नाही. मग माझ्या कारखान्याला बी महाग पडेल, हे मी जाणून लिहिते आहे. शेजारच्या बागायतदाराला भाव मिळणार असेल, आणि बिसाऊकडच्या घरात तांदूळ असणार असेल, तर गराचा दर मी त्याप्रमाणे लावीन.

मासेमारीच्या बाबतीत, जागतिक व्यापार संघटनेत २०२२ साली भारताने लांबच्या समुद्रात जाऊन मासे ओरबाडणाऱ्या श्रीमंत देशांच्या अनुदानांवर बोट ठेवले होते. ती भूमिका बरोबर होती. ती सोमालिया, मोझांबिक, येमेनच्या कोळ्यांसाठीही तितक्याच आवाजात मांडली जावी, आणि आपल्या देशाचा एकही ट्रॉलर दुसऱ्याच्या समुद्रात चोरून जाणार नाही याची खात्री सरकारने संसदेत द्यावी.

हे विषय प्रश्नोत्तराच्या तासात विचारता येतील असे पाच प्रश्न मी लिहून काढले आहेत आणि ते या पत्रासोबत आपल्या कार्यालयांकडे पाठवत आहे. भाषेत दुरुस्ती हवी असल्यास अवश्य करावी. मार्चमध्ये आमच्या तालुक्यात काजू बागायतदारांची सभा असते. त्या सभेला आपण यावे आणि आयात शुल्काबद्दल बोलून झाल्यावर यांपैकी किती प्रश्न विचारले आणि सरकारने काय उत्तर दिले तेवढे आम्हाला सांगावे.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातील एक काजू बागायतदार व कारखानदार